सोरायसिस झालाय, तर मनाकडंही बघ

भावा, कातडीवर चट्टे उठून पापुद्रे सुटणाऱ्या या आजारावर मलम तू लावशीलच. पण झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, तर तेही त्वचेच्या डॉक्टरांना सांग. सोरायसिसमध्ये नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळतात. शरीरातली सूज, रात्रीची खाज, लोकांच्या नजरा, सगळ्याचा त्यात हात असतो. सांगलीच्या मे महिन्यात लांब बाह्या घालून, काळ्या शर्टावरचे पापुद्रे झटकत लग्नात कोपरा धरून बसणारे मी पाहिलेत. पुढं लग्नाला जाणंच बंद होतं. तिथंच सावध हो.

हा आजार स्पर्शानं पसरत नाही, घरच्यांना ठणकावून सांग. स्टेरॉइडच्या गोळ्या मनानं सुरू किंवा एकदम बंद करू नकोस.

सिव्हिलला मानसोपचाराचा केसपेपर काढायला लाजू नकोस. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लाव. मोफत आहे, मराठीत बोलतात.