कुत्र्याचं पिल्लू आणताय? आधी त्याचा चेहरा वाचायला शिका

त्याला भावना असतात का, यावर वाद घालत बसू नका. भीती, आनंद, ओढ हे सगळं असतं. कुत्रा आणि मालक एकमेकांकडे टक लावून बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक, वाढतं, असं जपानी संशोधकांना 2015 मध्ये आढळलं. पाळण्याची हौस एवढी का, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

चप्पल कुरतडल्यावरचा ‘अपराधी’ चेहरा मात्र फसवा. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या 2009 च्या प्रयोगात काहीच न केलेली कुत्रीसुद्धा रागावल्यावर तसंच तोंड करत होती. तेव्हा तासाभराने ओरडून काही साधत नाही.

झोप नसताना जांभई, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली: ही भीती. हात मागे घ्या. गुरगुरलं म्हणून मारलंत तर इशारा बंद होतो आणि पुढच्या खेपेला थेट चावा बसतो.

घर इंदूरच्या राजवाड्याजवळ असेल, तर रंगपंचमीच्या गेरची, म्हणजे ढोल-रंगांच्या मिरवणुकीची तयारी महिनाभर आधी सुरू करा. ढोलाचं रेकॉर्डिंग अगदी हळू, रोज 5 मिनिटं, सोबत पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे. खाणं थांबलं की समजा आवाज जास्त झाला, कमी करा. घाई केली की भीती उलट पक्की होते. गेरच्या दिवशी आतली खोली, खिडक्या बंद, पंखा चालू. अंगावर रंग तर मुळीच नको, चाटून पोटात जातो.