किमया इकडे का येत नाही?

"मॅडम, सोळा वर्षांची घोडी झाली आणि अजून काल्पनिक मैत्रिणीशी गप्पा मारते. डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला?" शब्द बदलतात, पण समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. बऱ्याच मुलांच्या वह्या हल्ली समांतर जगांनी भरलेल्या असतात. वही आईच्या हाती लागली की घरात घबराट.

ही मुलगी (तपशील बदलले आहेत) वडिलांच्या बदलीमुळे दहावीनंतर साताऱ्याहून ठाण्यात आलेली. तिच्या कथेत इमारतीची लिफ्ट चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकते आणि दार दुसऱ्याच ठाण्यात उघडतं. तिथे घोडबंदर रोड रिकामा असतो (इथे मी मनापासून हसले), परीक्षा शिक्षकांना द्यावी लागते आणि किमया नावाची मैत्रीण गणितात हिच्याइतकीच कच्ची असते.

"किमया खरी आहे?" मी विचारलं.

"काहीही काय मॅडम! खरी असती तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

माझी निम्मी काळजी तिथेच मिटली.

ब्रिटिश बालमनोविश्लेषक डॉनल्ड विनिकॉट यांना मी गुरुस्थानी मानते. खेळ धड आत नसतो, धड बाहेरही नसतो. तो ओसरीवर चालतो, हे मी त्यांच्याकडून घेतलं. म्हणून मीही ओसरीवरच बसले. "लिहिणं कमी कर" म्हणायचा मोह आवरून भेटीमागून भेटी कथाच ऐकत राहिले. मग एकदा विचारलं, "दर वेळी तूच तिकडे जातेस. किमया इकडे कधीच कशी येत नाही?"

ती अडखळली. उगाच पानं चाळत राहिली. "यायचंय तिला. पण आणून करू काय? ओळख करून द्यायला माझं इथे कोणीच नाही."

कॉलेजात ती डबा एकटीच खात होती, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. रुसणं, माफी मागणं, आपणहून बोलणं, सगळं ती किमयाबरोबर गिरवत होती. हा प्रश्न मला सुचला याचा आजही आनंद वाटतो. किमयाला इकडे आणणारं प्रकरण लिहायचं ठरलं. त्यात वर्गातली एक खरी मुलगी हवी, म्हणजे आधी तिच्याशी बोलणं आलं. परीक्षेला बसलेल्या शिक्षकांचा प्रसंग ऐकून ती मुलगी खो-खो हसली. पुढचं मला फारसं करावं लागलं नाही.

पालकांनो, वही चोरून वाचू नका. "पुढे काय झालं?" एवढंच विचारा, "याचे मार्क मिळणार आहेत का?" हे गिळून टाका. वयाचा बाऊही नको. पुढे इंग्रजी साहित्यात गाजलेल्या ब्राँटे भावंडांनी १८२६ मध्ये खेळण्यातल्या शिपायांवरून काल्पनिक राज्यं रचायला घेतली. १८४५ मध्ये, पंचविशी गाठल्यावरही, त्यांतल्या एमिली आणि ॲन या बहिणी इंग्लंडमधल्या यॉर्कच्या सहलीत त्यातलीच पात्रं होऊन खेळत होत्या.

मात्र मूल त्या पात्राचा हुकूम मोडता येत नाही म्हणू लागलं, आवाजांनी घाबरलं, झोप-जेवण उडालं किंवा खऱ्या माणसांना टाळून आठवडेच्या आठवडे खोलीत बसलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो.