सुटकेच्या तारखेआधीची तयारी

प्रिय मित्रास,
स. न. वि. वि.

कारागृहातून सुटलेल्या माणसांसोबत काम करायचे तू ठरवलेस आणि सुरुवात कुठून करावी, असे विचारलेस. समुपदेशन, व्यसनमुक्ती, कौशल्य प्रशिक्षण हे सारे आवश्यकच आहे. परंतु माझे मत विचारशील तर सुरुवात कागदपत्रांपासून कर, आणि तीही सुटकेच्या कितीतरी आधी.

सात-आठ वर्षे आत काढलेल्या माणसाचा मोबाइल क्रमांक वापराविना बंद पडून बहुधा दुसऱ्याच कोणाला मिळालेला असतो. आधार मात्र त्याच क्रमांकाला जोडलेले राहते, त्यामुळे ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. दोन वर्षे व्यवहार न झालेले बँक खाते निष्क्रिय होते. ते सुरू करायला केवायसी लागते, केवायसीसाठी चालू पत्ता लागतो, आणि खोली भाड्याने देणारा घरमालक आधी आधार मागतो. शिधापत्रिकेतून नाव कमी झालेले असेल तर तहसील कार्यालयाचे हेलपाटे वेगळेच. जमा केलेल्या चीजवस्तू आणि आतल्या कामाच्या मजुरीचे थोडे पैसे घेऊन तो बाहेर पडतो, तेव्हा कागद न मागता काम देणारा जो भेटतो, तो पुष्कळदा जुन्याच धंद्यातला असतो. पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची कारणे शोधताना आपण स्वभाव, संगत, संस्कार यांची चर्चा फार करतो. या रांगांकडे कोणी पाहत नाही.

तेव्हा शिक्षा भोगत असलेल्या बंद्याची सुटकेची तारीख, शिक्षेत सूट म्हणून मिळालेले माफीचे दिवस धरून, आधीच विचारून ठेव, आणि बाहेर आल्यावर लगेच त्याला आधार केंद्रावर घेऊन जा. तिथे बोटांचे ठसे देऊन मोबाइल क्रमांक बदलता येतो. न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेल्या, बंद्यांबाबत एवढी सवड मिळत नाही. देशातील कारागृहांत सुमारे तीन चतुर्थांश बंदी न्यायाधीनच असतात, आणि जामिनाचे कागद पोहोचले की ते अचानक सुटतात. त्यांच्यासाठी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांशी सतत संपर्क ठेव. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून हे काम करीत आला आहे. त्यांची पद्धत जवळून पाहून घे.

घराचा प्रश्न याहून नाजूक आहे. बांधाच्या वादातून, भावकीत झालेल्या खुनात शिक्षा भोगलेला माणूस गावी परततो, तेव्हा मृताची पत्नी त्याच आळीत राहत असते आणि पाण्याला, दळणाला, लग्नकार्याला दोन्ही घरे समोरासमोर येतात. अशा वेळी 'घर ते घरच' म्हणून त्याला गावी धाडू नकोस. संचित किंवा अभिवचन रजेवर (म्हणजे फर्लो किंवा पॅरोलवर, शिक्षेदरम्यान मिळणाऱ्या ठरावीक दिवसांच्या सुट्टीवर) तो गावी जाऊन आला असेल, तर त्या दिवसांत काय घडले ते त्याच्याकडून आणि त्याच्या घरच्यांकडून वेगवेगळे ऐक. दोन्हींत जिथे फरक पडेल, तिथेच खरे काम असते. मृताच्या कुटुंबाकडे त्याच्या वतीने क्षमा मागायला मात्र जाऊ नये, असे मला ठामपणे वाटते. तो अधिकार आपला नाही, आणि त्यांच्या दुःखावर आपल्या सद्हेतूचे ओझे टाकणे बरे नव्हे. काहींनी तालुक्याच्या गावीच स्थायिक व्हावे, हे शहाणपणाचे असते. कुटुंब सोबत असले की माणूस कसा सावरतो, हे पाहायचे असेल तर सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर खुल्या वसाहतीला, म्हणजे बंद्यांच्या खुल्या कारागृहाला, जाऊन ये. औंध संस्थानच्या काळात सुरू झालेल्या त्या वसाहतीत बंदी शेती करीत आपल्या बायकामुलांसह राहतात.

नोकरी लावून देताना मालकापासून शिक्षा लपवू नकोस. पण सांगायची ती त्या माणसाच्या संमतीने आणि मोजक्या शब्दांत. सुरक्षारक्षकाच्या कामाला पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते, त्यामुळे त्या वाटेला त्याला उगाच लावू नये. आत शिकलेली सुतारकी किंवा बेकरीकाम बाहेर उपयोगी पडते, हातमागाला मात्र गिऱ्हाईक शोधावे लागते. आणि काम मिळाल्यावर त्याने तुझे आभार मानलेच पाहिजेत, अशी अपेक्षा मनात ठेवू नकोस. काही जण पुन्हा तोंडही दाखवीत नाहीत, कारण तुला पाहिले की त्यांना ती बराक आठवते.

महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांना याच आठवड्यात भेट. सुटलेल्या बंद्यांसाठीच्या अर्थसाहाय्याचे अर्ज त्यांच्याकडे असतात. अर्जासोबत कोणते दाखले लागतात ते लिहून घे आणि मला कळव.

तुझा,
एक जुना सहकारी