बटण दाबण्याआधी आकडा लिहून ठेव

नागपूरजवळ बुटीबोरीच्या कारखान्यात नवीन लागलास आणि ॲनालायझर (गॅसमधला ऑक्सिजन मोजणारं मशीन) तुझ्याकडे आला, तर आधी एक सवय लाव. कॅलिब्रेशनला, म्हणजे रीडिंग बरोबर जुळवायला, हात घालण्यापूर्वी झिरो गॅसवर (ज्यात ऑक्सिजन नसतो) आणि स्पॅन गॅसवर (ज्यात तो किती ते माहीत असतं) मशीन काय दाखवतं ते वहीत लिही. ॲडजस्ट केल्यावर तो आकडा परत मिळत नाही, आणि ड्रिफ्ट किती होता, म्हणजे रीडिंग किती सरकलं होतं, हे त्यावरूनच कळतं.

त्याआधी कंट्रोल रूमला फोन कर, आउटपुट होल्डवर टाक, म्हणजे बाहेर जाणारं रीडिंग आहे तिथेच थांबतं. पहिल्या वर्षी मी हे विसरलो. झिरोसाठी नायट्रोजन सोडला, ऑक्सिजन शून्यावर गेला आणि बर्नर ट्रिप झाला. तो दिवस अजून आठवतो.

सिलिंडर उघडल्यावर रेग्युलेटर दोन-तीनदा फ्लश कर. आत हवा अडकलेली असते, म्हणजे २०.९ टक्के ऑक्सिजन. फ्लो सॅम्पलइतकाच (रोज मोजतो त्या गॅसइतकाच) ठेव. रोटामीटरचा (फ्लो दाखवणाऱ्या उभ्या नळीचा) गोळा डोळ्यांच्या पातळीवर घेऊन बघ, वरून नाही. रीडिंग पूर्ण थांबल्याशिवाय ओके करू नको.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. शेल्टरचा (ॲनालायझरच्या खोलीचा) एसी बंद असेल तर दुपारी कॅलिब्रेशन करूच नको, सकाळी कर.

अलार्मला थोडा हिस्टेरेसिस दे, म्हणजे तो लागण्याचा आणि बंद होण्याचा आकडा यांत थोडं अंतर ठेव, नाहीतर सेटपॉइंटवर रिले सारखा टकटक करतो आणि ऑपरेटर त्याच्याकडे बघणंच सोडतो. रिले फेलसेफ ठेव: वायर तुटली, सप्लाय गेला, तरी अलार्म आलाच पाहिजे. सेटिंग झालं की खरा गॅस देऊन हूटर वाजतो का ते स्वतः उभं राहून ऐक.