प्रॉम्प्टमध्ये ब्रँच दिसायलाच हवी

अगं, तुझा मेसेज वाचला. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) चुकीच्या ब्रँचवर (कामाच्या वेगळ्या फाट्यावर) कमिट (बदलांची नोंद) गेलं, पुश पण झालं, म्हणजे सर्व्हरवर गेलं, आणि आता सगळ्यांसमोर ओशाळल्यासारखं वाटतंय, हे ना? ते आधी डोक्यातून काढून टाक. रिव्हर्ट करता येतं, कमिट दुसऱ्या ब्रँचवर नेता येतं, तुझा कोड कुठेही गेलेला नाही. पण तू पाठवलेला टर्मिनलचा स्क्रीनशॉट पाहिला आणि मला राहवलं नाही, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय. त्यात प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागेआधी येणाऱ्या मजकुरात, नुसतं युजरनेम, मशीनचं नाव, फोल्डर आणि डॉलरचं चिन्ह आहे. म्हणजे आपण कुठल्या ब्रँचवर आहोत हे तू फक्त आठवणीच्या भरवशावर ठरवतेस, आणि दिवसातून दहादा ब्रँच बदलायची म्हटल्यावर आठवण कधीतरी दगा देणारच.

माझ्याबाबतीत हे कसं झालं ते सांगते. एका जुन्या रिलीजमधला बग बघायला मी त्याचा टॅग (एका कमिटला दिलेलं नाव) चेकआउट केला, म्हणजे तेव्हाच्या कोडवर गेले, बग सापडला, तिथेच फिक्स केला, तीन कमिट केली आणि मग मेन ब्रँचवर परत आले. गिटने निघताना चक्क सांगितलं होतं की तीन कमिट मागे राहतायत, ती कुठल्याच ब्रँचला जोडलेली नाहीत. पण स्क्रीनवर एवढा मजकूर आला की आपण वाचत नाही, मीही वाचला नाही. दुसऱ्या दिवशी फिक्स कुठे दिसेना तेव्हा पोटात गोळा आला. शेवटी रिफ्लॉगमध्ये, म्हणजे गिटच्या हालचालींच्या नोंदवहीत, सापडलं सगळं (कुठल्याच ब्रँचला न जोडलेल्या कमिटची नोंद रिफ्लॉगमध्ये डिफॉल्टने ३० दिवस राहते, हे कायम लक्षात ठेव). त्या दिवशी प्रॉम्प्टमध्ये ब्रँच दिसत असती तर टॅगचं नाव दुहेरी कंसात आलं असतं, पहिल्या कमिटनंतर त्याजागी हॅशची (कमिटच्या ओळखक्रमांकाची) पहिली काही अक्षरं आणि पुढे टिंबं आली असती, आणि मी तिथेच थांबून नवीन ब्रँच काढली असती. गिट स्टेटस मारूनही हे कळतंच, पण स्टेटस आपण शंका आली तरच मारतो आणि चूक होते ती शंका न आल्यामुळे. प्रॉम्प्ट मात्र प्रत्येक कमांडच्या आधी आपोआप समोर येतो, न विचारता.

आता करायचं कसं. तू बॅश (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा शेल) वापरतेस, तर गिटसोबतच एक स्क्रिप्ट येते, गिट-प्रॉम्प्ट नावाची, गिटच्या सोर्समध्ये कंट्रिब फोल्डरच्या आत कम्प्लिशनमध्ये असते. ती बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतो ती फाइल) सोर्स करायची, म्हणजे तिथून लोड करायची, की 'गिट पीएस१' नावाचं फंक्शन मिळतं (आधी दोन अंडरस्कोर लावून), ते पीएस१ व्हेरिएबलमध्ये (प्रॉम्प्ट कसा दिसणार ते यात असतं) डॉलर आणि कंस लावून घालायचं. संपलं, ब्रँच दिसायला लागते.

पण इथे एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येकजण एकदा पडतोच. पीएस१ची व्हॅल्यू सिंगल कोट्समध्येच लिही. डबल कोट्समध्ये लिहिलीस तर ते फंक्शन बॅशआरसी लोड होताना एकदाच चालतं आणि जे उत्तर आलं ते तिथेच गोठतं. टर्मिनल होम फोल्डरमध्ये उघडलं असेल तर दिवसभर काहीच दिसणार नाही, ते एकवेळ परवडलं, निदान काहीतरी बिघडलंय हे कळतं. पण एडिटरच्या आतलं टर्मिनल थेट प्रोजेक्टमध्ये उघडतं, तिथे सकाळची ब्रँच संध्याकाळपर्यंत दिसत राहते, तू मधे चार ब्रँच बदलल्यास तरी. काहीच न दिसण्यापेक्षा हे वाईट, कारण आता तू त्या नावावर विश्वास ठेवणार. म्हणून सेटअप झाल्यावर लगेच एक फालतू ब्रँच काढून तिच्यावर जा आणि नाव बदलतंय का बघ.

दुसरी गोष्ट रंगांची. रंगाचे कोड स्क्रीनवर जागा घेत नाहीत हे बॅशला आपोआप कळत नाही, त्यासाठी प्रत्येक कोडच्या आधी बॅकस्लॅश आणि उघडता चौकोनी कंस, नंतर बॅकस्लॅश आणि बंद होता चौकोनी कंस लावावा लागतो. नाही लावला तर छोट्या कमांडला काही वाटत नाही, पण लांब कमांड टाइप केलीस की ती पुढच्या ओळीवर जायच्या ऐवजी त्याच ओळीवर स्वतःलाच खोडत जाते, आणि अप ॲरोने जुन्या कमांड काढल्या की अर्धवट तुकडे चिकटून राहतात. लोक टर्मिनलला दोष देतात. दोष त्या न लावलेल्या कंसांचा असतो.

मग काय काय दाखवायचं? माझा नियम असा की ज्यामुळे माझी पुढची कमांड बदलेल तेवढंच. ब्रँच हवीच. डर्टी स्टेट (कमिट न झालेले बदल) हवं: स्टेज न केलेले (पुढच्या कमिटसाठी न निवडलेले) बदल असतील तर स्टार, स्टेज केलेले असतील तर प्लस. रिबेस, मर्ज किंवा चेरी-पिक (एका ब्रँचचं काम दुसरीवर आणायचे प्रकार) अर्धवट राहिलं असेल तर ती स्क्रिप्ट ते स्वतःहून सांगते, रिबेस असेल तर किती पायऱ्यांपैकी कितवी तेही, आणि कॉन्फ्लिक्ट सोडवता सोडवता मधेच कोणी हाक मारली आणि अर्ध्या तासाने परत आलीस तर त्याची किंमत कळेल. स्टॅशसाठी (तात्पुरते बाजूला ठेवलेले बदल) डॉलरचं चिन्ह येतं, ते मी ठेवते कारण स्टॅशमध्ये टाकलेलं काम माणूस हमखास विसरतो. अपस्ट्रीमची (सर्व्हरवरच्या त्याच ब्रँचची) खूण पण ठेव, आपण पुढे की मागे ते दाखवते, फक्त एवढं समजून घे की ती सर्व्हरला विचारत नाही, तू शेवटचं फेच केलंस (सर्व्हरवरचं नवीन काम आणलंस) तेव्हा जे होतं त्यावरून सांगते. बरोबरचं (=) चिन्ह दिसलं म्हणून सर्व्हरवर नवीन काही नाही असं धरून चालू नकोस, आधी फेच मार. घड्याळ, बॅटरी वगैरे गोष्टी मी काढून टाकल्या.

स्पीडचं पण बघ. डॉट गिट फोल्डरमध्ये हेड नावाची फाइल आहे, कॅट कमांडने उघडून बघ, एकच ओळ असते, रेफ्स हेड्स आणि पुढे ब्रँचचं नाव. म्हणजे ब्रँच दाखवणं अगदी स्वस्त. महाग पडतं ते डर्टी स्टेट, कारण त्यासाठी गिटला ट्रॅक केलेल्या सगळ्या फाइली तपासाव्या लागतात, आणि अनट्रॅक्ड (गिटमध्ये न घातलेल्या) फाइली दाखवायच्या म्हटलं तर सगळे फोल्डरही पालथे घालावे लागतात. मोठ्या रेपोमध्ये (गिट सांभाळतं त्या प्रोजेक्टमध्ये) एंटर मारल्यावर प्रॉम्प्ट यायला सेकंदभर लागायला लागला की तू वैतागून सगळंच काढून टाकशील, ते करू नकोस. त्या एका रेपोच्या कॉन्फिगमध्ये बॅश डॉट शो डर्टी स्टेट फॉल्स कर, बाकीकडे चालू राहू दे. मॅक किंवा विंडोज असेल तर २०२२ मध्ये आलेल्या गिट २.३७ पासून फाइलींवर लक्ष ठेवणारा एफएसमॉनिटर आतच मिळतो, तोही चालू करून बघ.

गिट अपडेट ठेव, हे मनापासून सांगतेय. असा प्रॉम्प्ट लावला म्हणजे तू नुसतं सीडी (फोल्डर बदलायची कमांड) करून एखाद्या फोल्डरमध्ये शिरलीस तरी तिथे गिट चालतं आणि तिथलं कॉन्फिग वाचतं, आणि कॉन्फिगमधून कमांड चालवता येतात. अनेकजण वापरतात त्या मशीनवर दुसऱ्या कोणी वरच्या फोल्डरमध्ये डॉट गिट करून ठेवलं तर? यासाठीच एप्रिल २०२२ मध्ये गिट २.३५.२ आलं, तेव्हापासून फोल्डर दुसऱ्याच्या मालकीचं असेल तर गिट नकार देतं आणि सेफ डिरेक्टरीमध्ये (भरवशाच्या फोल्डरांच्या यादीत) टाकायला सांगतं. तो एरर दिसला की घाईघाईत त्या यादीत स्टार (म्हणजे सगळे फोल्डर) टाकून सगळं जग सेफ करू नकोस, फोल्डर कोणाचं आहे ते आधी बघ.

झी शेलवर गेलीस तर प्रॉम्प्ट सब्स्ट ऑप्शन चालू करावा लागतो, त्याशिवाय फंक्शन चालतच नाही. स्टारशिपसारखी प्रॉम्प्टची रेडिमेड टूल्स छान आहेत, सुंदर दिसतात, पण माझं ऐकशील तर पहिला महिनाभर हाताने लिहिलेलाच प्रॉम्प्ट वापर, म्हणजे कुठली खूण कुठून येते ते कळेल.

आणि हो, बॅशआरसी बदलताना चालू असलेलं टर्मिनल बंद करू नकोस. ते तसंच ठेव, दुसरं उघडून टेस्ट कर, काही मोडलं तर पहिल्यातून दुरुस्त करता येईल. झालं की नवीन स्क्रीनशॉट पाठव, मला ती ब्रँच बघायचीय.