संगीत संग्रहालयाची ओळख नव्यानं घडवायची आहे, दृश्य कल्पना कुठून गोळा कराव्यात?

तुम्ही लिहिलंय की सांगली जिल्ह्यातल्या तुमच्या छोट्या संगीत संग्रहालयाचं बोधचिन्ह, पाट्या, तिकिटं, माहितीपत्रक असं सगळंच नव्यानं करायचं आहे. महिनाभर इंटरनेटवरून चित्रं साठवली, पण ती सगळी एकमेकांसारखीच वाटतात, आता शोधायचं कुठे? मी सांगलीतच बावीस वर्षं डिझाइनचं काम करतो. बेदाण्याच्या खोक्यांपासून नाटकाच्या जाहिरातींपर्यंत सगळं केलंय आणि संगीताशी संबंधित कामंही बरीच केली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिंटरेस्टवर ‘संगीत’ शोधलंत की ट्रेबल क्लेफ (पाश्चात्त्य स्वरलेखनातली ती वळणदार खूण), हेडफोन, ध्वनिलहरी आणि फार तर एक वीणा, एवढंच हाती लागणार. ही सगळी कुणीतरी आधीच करून ठेवलेली चित्रं. त्यांच्यावरून केलेलं चित्र त्यांच्यासारखंच दिसणार. संगीताची चित्रं शोधू नका. संगीत घडवताना, लिहिताना, शिकवताना माणसांच्या हातून ज्या खुणा उमटतात त्या शोधा. तुम्ही सांगली-मिरजेच्या पट्ट्यात आहात, आणि अशा खुणा इथे जितक्या आहेत तितक्या फार थोड्या ठिकाणी सापडतील.

हे मला एका बाईंनी शिकवलं. सुरुवातीच्या काळात एका गायनवर्गाच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ केलं होतं, त्यावर मोठा ट्रेबल क्लेफ काढला होता. वर्गातल्या ज्येष्ठ बाईंनी ते हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “हे आपल्यात कोण लिहितं रे?” मग आतून त्यांची बंदिशींची वही आणून माझ्यासमोर ठेवली. पिवळी पडलेली पानं, निळी शाई, पट्टीनं आखलेले तालाचे खण. खाली बोल, वर स्वर. कोमल स्वराच्या पोटाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, दाखवायला दोन स्वरांवरून ओढलेली कमान. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला ×, आणि ‘खाली’ला, म्हणजे तालातल्या बिनजोराच्या जागेला ०. पन्नास-साठ वर्षांच्या रियाजानं काही पानांचे कोपरे कापडासारखे मऊ झाले होते. स्मरणिका छापून गेली होती, पण त्या दिवसानंतर मी कुठल्याही संगीताच्या कामावर ट्रेबल क्लेफ काढलेला नाही.

तुमच्या कामाची सुरुवात अशा वह्यांपासून करा. आपल्याकडे स्वरलेखनाच्या दोन पद्धती चालत आल्या, एक भातखंड्यांची आणि एक पलुसकरांची, आणि दोघींच्या खुणा वेगळ्या आहेत. वर सांगितलेल्या खुणा भातखंडे पद्धतीतल्या. पलुसकर पद्धतीत समेला १ आणि खालीला + येतं, मात्रा दाखवायच्या खुणाही निराळ्या. विष्णु दिगंबर पलुसकर तर आपल्या शेजारचेच. १८७२ साली कुरुंदवाडला जन्म, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण, मग १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय. त्यांची लिपी तुमच्या भिंतीवर येणं किती साहजिक आहे बघा. रेघ, टिंब, कमान, फुली आणि शून्य एवढ्यावर अख्ख्या इमारतीच्या पाट्या उभ्या राहतील.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा दिसली. भातखंडे पद्धतीत तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, लिहिताना ‘सा’वर जे टिंब देतात ते छापील पानावर अनुस्वारासारखंच दिसतं. म्हणजे ‘सांगली’ हा शब्द गाणाऱ्या माणसानं पाहिला, तर पहिलं अक्षर तार षड्ज आणि दुसरा गंधार, म्हणजे ग. ‘संगीत’मध्येही तेच. हे मी कुठून ओढूनताणून आणलेलं नाही, ते आपल्या अक्षरांतच बसलेलं आहे. तुमच्या संग्रहालयाच्या नावातली अक्षरं या नजरेनं एकदा तपासा. त्या एका टिंबाला नीट जागा दिलीत, थोडं मोठं केलंत, वेगळा रंग दिलात, तर वेगळं बोधचिन्ह लागणारही नाही कदाचित. उलट शिरोरेषेची तार करून तिला खुंट्या लावायची कल्पना सगळ्यांना सुचते. मी दोनदा करून पाहिली. अक्षरं वाचवत नाहीत आणि ते दुकानाच्या पाटीसारखं दिसतं. ती सोडून द्या.

दुसरी जागा मिरजेची सतारमेकर गल्ली. तिथे कॅमेरा घेऊन तासाभरात उरकायला जाऊ नका, सकाळी जा आणि दुपारपर्यंत थांबा. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी इथे सतारीचं काम सुरू केलं. हे घराणं मूळचं शिकलगारांचं, शस्त्रांना धार लावणाऱ्यांचं. शस्त्रांचं काम ओसरलं आणि तेच हात वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून. माळ्यावर एकावर एक रचलेले ते वाळलेले भोपळे बघा. प्रत्येकाचा घाट वेगळा, कुठल्याही दोघांचं माप सारखं नाही. कारागीर आधी भोपळा निवडतो आणि त्याच्या मापानं पुढचं वाद्य ठरतं.

जवळून बघण्यासारख्या दोन गोष्टी सांगतो. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात त्या सांध्यावर लाकडात कोरलेली पानं बसवतात. लांबून ती नुसती नक्षी वाटते, पण सांधा झाकायचं काम तीच करते. कडेच्या पांढऱ्या पट्टीवर टोकदार हत्यारानं बारीक रेघा कोरतात, त्यांत रंग भरतात आणि वर राहिलेला रंग घासून काढतात. रेघ थोडी थरथरते, वळणावर जाड होते. कॉम्प्युटरवर सरळ ओढलेली रेघ शेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल. यावर पातळ कागद धरून पेन्सिलीनं घासून ठसा घ्या, अर्थात मालकाला विचारून आणि तयार वाद्यावर नाही तर तुकड्यावर. फोटोत रेघेचा रंग येतो, ठशात तिची खोली येते. माझ्याकडे असे चाळीसेक ठसे आहेत आणि मी अजूनही ते काढून बघतो.

दुसरी गोष्ट जवारी, म्हणजे तार घोडीवर जशी टेकते त्यातून येणारा तो गुंजता आवाज. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट वाटते, पण डोळा तिच्या पातळीला आणून बाजूनं बघितलं की तिला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर टेकते आणि पुढे सुटते. टेकणं आणि सुटणं यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. कारागीर कानसेनं दोन हात मारतो, तार छेडतो, पुन्हा दोन हात मारतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो, आणि एका जागी आल्यावर कोरडा आवाज एकदम उमलतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घोडीचं बाजूचं चित्र वहीत काढलं: एक सरळ रेघ, तिच्याखाली किंचित वळलेली दुसरी, आणि मध्ये धाग्याचं टिंब. अख्खा तंबोरा काढून जे सांगता येत नाही ते या दोन रेघांत येतं. हवं तर हे वापरा, माझा काही हक्क नाही त्यावर. पण आधी स्वतः ऐकून या, नाहीतर ती नुसती भूमितीची आकृती राहील.

तबल्याचं पानही याच नजरेनं बघता येईल: कडेची चाट, तिच्या आतली लव आणि शाई, म्हणजे तो काळा गोल. पण एकात एक गोल फार जणांनी वापरले आहेत आणि लहान आकारात ते ग्रामोफोनच्या तबकडीसारखे किंवा नेमबाजीच्या फळीसारखे दिसतात. तबल्याकडून मी रंग घेईन, शाईचा तो मऊ, न चमकणारा काळा.

रंगाचं म्हणाल तर सांगली म्हटलं की सगळे हळदीचा पिवळा घेतात. आपल्याकडच्या निम्म्या पाट्या त्याच रंगाच्या आहेत, त्यात तुमचं संग्रहालय हरवून जाईल. पॉलिश केलेल्या तंबोऱ्याचा तांबूस तपकिरी, कोरीव पट्टीचा दुधी पांढरा, पितळी तारेचा पिवळा आणि तबल्याच्या शाईचा काळा, एवढे चार रंग पुरेत. हे रंग स्क्रीनवरून उचलू नका. वाद्याच्या शेजारी रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड धरा, दिवसाच्या उजेडात, आणि क्रमांक लिहून घ्या. पाट्या रंगवताना पेंटरला तोच क्रमांक लागणार आहे.

सांगली नाट्यपंढरी आहे हे तुम्हाला मी काय सांगायचं. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे प्रयोग केला तेव्हापासून गाणं आणि नाटक इथे एकत्रच वाढलं. संगीत नाटकांच्या जुन्या हस्तपत्रिका कुणाच्या घरी, कुणा जुन्या छापखान्यात मिळाल्या तर सोडू नका. एका कागदावर पाच-सहा मापांचे खिळे (छपाईची अक्षरं), नटाचं नाव नाटकाच्या नावाहून मोठं, कडेला फुलांची चौकट, आणि तरीही सगळं वाचता येतं. पुढच्या काळासाठी कमल शेडगे यांची नाटकांच्या नावांची अक्षरं बघा. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणात कसा उतरतो हे त्यांच्याइतकं कुणी दाखवलेलं नाही. नक्कल करायची नाही, बघायचं.

बाहेरची संग्रहालयं जरूर बघा, पण त्यांनी काय केलं यापेक्षा कशाकडे बघून केलं ते शोधा. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात कासा दा म्यूझिका नावाचं संगीतगृह आहे, २००५ साली सुरू झालेलं. इमारत वास्तुविशारद रेम कूल्हास यांची, घडीव दगडासारखी अनेक पैलूंची. तिचं बोधचिन्ह डिझायनर स्टीफन सागमाइस्टर यांनी इमारतीच्याच आकारावरून घेतलं. ते वेगवेगळ्या बाजूंनी फिरतं आणि ज्या कार्यक्रमाचं पोस्टर असेल त्या चित्रातून रंग घेतं. त्यांनी स्वतःचं घर नीट पाहिलं, म्हणून ते कुणाचं उसनं वाटत नाही. जवळच्यात बंगळुरूचं इंडियन म्युझिक एक्सपिरियन्स बघा, २०१९ चं. तिथे वाजवून बघायच्या वाद्यशिल्पांची एक बागच आहे. मुलं कुठे थांबतात, कुठली पाटी वाचतात आणि कुठली ओलांडून जातात, ते एका बाकावर बसून टिपा. पुण्याच्या केळकर संग्रहालयातलं वाद्यांचं दालन तर एका दिवसात होऊन येण्यासारखं आहे. तिथे मोरासारख्या, माशासारख्या घाटाची वाद्यं पाहून चित्रं काढत बसायचा मोह होईल, तो जरा आवरा.

जुनी चित्रंही विसरू नका. मिरज एके काळी आदिलशाहीत होती, आणि विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं आपल्या तंबोऱ्याला मोतीखान असं नाव दिलं होतं. तो तंबोरा वाजवत बसलाय असं चित्रकार फर्रुख बेगनं काढलेलं चित्र आज प्रागला आहे. दख्खनच्या रागमाला चित्रांतून, म्हणजे रागांना रूप देणाऱ्या चित्रांतून, मी एकच गोष्ट घेतो: मोकळी सोडलेली जागा. आजच्या आपल्या माहितीपत्रकांत तीच सापडत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. मिरजेला पाहुणे कर्नाटकातूनही येतात. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे, आणि त्यांचं किराणा घराणं सवाई गंधर्व, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी यांच्यामुळे धारवाड-हुबळीकडे किती रुजलं ते तुम्ही जाणताच. म्हणून पाट्यांवर मराठीच्या जोडीला कन्नड हवं, आणि ते शेवटी घुसडलेलं नको. कन्नडला शिरोरेषा नसते, अक्षरं गोल असतात. पहिल्या दिवसापासून दोन्ही लिप्या शेजारी ठेवून काम केलंत तरच मेळ बसेल.

गोळा केलेलं सगळं कॉम्प्युटरमध्ये कोंडू नका. एका भिंतीवर लावा, तीन आठवडे येता-जाता बघा, आणि रोज एक काढून टाका. शेवटी दहा-बारा उरली की त्यांतून काम सुरू करा. जे चिन्ह ठरेल त्याचा आधी रबरी शिक्का करून तिकिटावर उमटवून बघा. मग पेंटरकडून पत्र्यावर हातानं रंगवून घ्या आणि रस्त्याच्या पलीकडून वाचा. या दोन्हीत टिकलं तर कुठेही टिकेल.

कारागिराच्या नक्षीवरून काही घेतलंत तर त्याला आधी विचारा, मानधन द्या आणि दालनात त्याचं नाव लिहा. हे काम मेहनतीच्या मानानं फार कमी पैशांत चालतं आणि पुढच्या पिढीतली मुलं दुसरीकडे वळत आहेत. एका घरात मी ठसे घेत असताना आजोबांनी नातवाला हाक मारून बोलावलं आणि म्हणाले, “बघ, आपली रेघ कागदावर घेतायत.” नातू मग तिथेच बसून राहिला.

आणि तुमची सध्याची पाटी घाईनं उतरवू नका. फोटो बघितला मी. ‘संग्रहालय’मधला तो ‘ल’ आणि ‘य’चा जोड कुण्या जुन्या पेंटरच्या हातचा आहे, हल्लीच्या कुठल्याच फॉन्टमध्ये असा मिळत नाही. खाली उतरवाल तेव्हा पूर्ण मापाचा ट्रेसिंग पेपर लावून अक्षरं उतरवून घ्या, आणि जमलं तर त्या पेंटरचं नाव गावात विचारा. मीही इकडे विचारतो.