जळजळ थांबली, याचीच मला काळजी वाटते

प्रश्न : आमचे मालक ५७ वर्षांचे. यंत्रमागावर उभ्यानं काम करण्यात जन्म गेला. शुगर निघून १४ वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत. तळपायांची अशी आग व्हायची की रात्री पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नसे, गार फरशीवर पाय टेकून झोपायचे. दिवाळीपासून आग थांबली. ओळखीच्या एकानं दिलेलं तेल चोळतो, त्याचाच गुण असं ते म्हणतात. फक्त आता चप्पल पायातून निघाली तरी कळत नाही, तसेच चार पावलं पुढं जातात. गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या जत्रेला, ६८ लिंगांच्या मिरवणुकीत ते दरवर्षी अनवाणी चालतात. यंदाही चालायचंच म्हणतात. चालू द्यावं का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, पत्त्यातली ‘साखर’ बघून आधी हसू आलं. पत्र वाचून झाल्यावर ते राहिलं नाही.

आग होणारी नस निदान तक्रार तरी करते. तिनं तक्रार बंद केली आणि त्याच सुमारास निघालेली चप्पल कळेनाशी झाली, तर ती बरी झालेली नाही, तिचं काम बंद पडत चाललंय. तेलाला उगाच श्रेय देऊ नका. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसाही खराब होतात आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही. पायाच्या नसा सगळ्यात लांब, म्हणून बोटांपासून सुरुवात होते आणि मोजा चढवावा तशी बधिरता वर सरकते.

माझ्याकडे एक गृहस्थ बीपी दाखवायला आले होते, तेही कारखान्यातलेच. पाय बघतो म्हटलं तर चप्पल निघेना. तळातून वर आलेला खिळा तळव्यात रुतला होता, रक्त वाळून चप्पल चिकटली होती. ‘सकाळपासून जरा वाकडं चालल्यासारखं वाटत होतं,’ एवढंच ते म्हणाले. रडली ती त्यांची बायको.

तेव्हा अनवाणी चालणं, नाही. या एका गोष्टीत मी घासाघीस करत नाही. मिरवणुकीचा पांढरा पोशाख, बाराबंदी, घालू द्या, मिरवणुकीत जाऊ द्या, पण पायात मोजे आणि बोटांना न चावणारे बंद बूट हवेत. मोजे पांढरे घ्या, रक्ताचा डाग लगेच दिसतो. तेही जमत नसेल तर संमती कट्ट्यावर अक्षता टाकून घरी या. सिद्धरामेश्वर पायाचे फोड मोजत बसत नाहीत.

गड्ड्याआधी डॉक्टरांकडून दोन्ही पाय तपासून घ्या. नायलॉनचा एक दोरा तळव्याला टेकवतात, १० ग्रॅम दाबाला तो वाकतो. डोळे मिटून तो कळतो का, एवढंच सांगायचं. सोलापुरात दोऱ्याला काय तोटा, पण हा वेगळा. कंप पावणारा धातूचा चिमटाही (ट्यूनिंग फोर्क) बोटाच्या हाडावर लावून बघतात. सोबत तीन महिन्यांची सरासरी शुगर, लघवीतलं प्रोटीन आणि डोळ्यांचा पडदा. त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर मेटफॉर्मिन लिहिलंय का बघा. ती बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी पडू शकतं आणि त्यानंही पाय बधिर होतात. हे इंजेक्शननं किंवा गोळीनं भरून काढता येतं, म्हणून आधी तपासायचं. गोळ्या मात्र मनानं बंद करू नका.

आग पुन्हा सुरू झाली तर प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन अशी औषधं आहेत. ती आग शमवतात, गेलेली नस परत आणत नाहीत.

घरचं काम तुमच्याकडे, कारण त्यांना स्वतःचा तळवा दिसत नाही. रोज रात्री मोबाइलच्या उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. तेल बेचक्यांत नको, तिथं ओल राहून बुरशी धरते. आंघोळीच्या पाण्यात आधी तुमचं कोपर, मग त्यांचा पाय. थंडीत गरम पाण्याच्या पिशवीनं शेकणं पूर्ण बंद, भाजलेलं त्यांना कळणार नाही. भोवरी ब्लेडनं कापायची नाही. चप्पल-बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे, आत हात फिरवायचा.

जखम दिसली, किंवा जखम नसतानाही एक पाय सुजून दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर तो दुखत नसला तरी त्याच दिवशी दाखवा. गड्डा संपायची वाट बघू नका.